एका पानावर मावणारा व्यवसाय: ‘बिझनेस मॉडेल कॅनव्हास’चे परीक्षण

नवा व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्याला सहसा पहिला सल्ला मिळतो तो प्रकल्प अहवाल तयार करण्याचा. मग तीस-चाळीस पाने भरतात, पाच वर्षांच्या विक्रीचे अंदाज मांडले जातात आणि त्यातले बरेचसे आकडे, आधी नफा ठरवून त्याला साजेशी विक्री मागाहून बसवल्यासारखे असतात. ज्याने अजून एकाही ग्राहकाशी बोलणे केलेले नाही, त्याच्या हाती असा अहवाल आला की आपली तयारी झाली असा त्याचा समज होतो. ‘बिझनेस मॉडेल कॅनव्हास’ हे साधन या समजाला चांगलाच धक्का देते. अहवालाच्या आधी ते जरूर वापरावे, परंतु केवळ त्याच्या भरवशावर पैसे गुंतवू नयेत, असे माझे मत ते वापरून पाहिल्यानंतर झाले आहे.

कॅनव्हासचे मूळ अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांच्या संशोधनात आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठात ईव्ह पिन्यूर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी २००४ मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध पूर्ण केला आणि व्यवसायाची रचना नऊ घटकांत मांडली. तेच नऊ घटक आज एका आडव्या पानावर नऊ चौकटींच्या रूपात दिसतात. मधोमध ग्राहकाला मिळणारे मूल्य असते. उजवीकडे ग्राहकगट, त्यांच्याशी असलेले नाते आणि त्यांच्यापर्यंत पोचण्याचे मार्ग येतात, तर डावीकडे मुख्य कामे, साधनसंपत्ती आणि भागीदार यांना जागा मिळते. तळाशी एका बाजूला खर्च आणि दुसऱ्या बाजूला उत्पन्न. हा आराखडा विनामूल्य मिळतो आणि मुक्त परवान्याखाली असल्यामुळे श्रेय देऊन व तोच परवाना कायम ठेवून त्यात बदलही करता येतात.

या साधनाची खरी ताकद उजव्या बाजूच्या चौकटींत आहे. लहान कार्यालयांतील संगणकांची देखभाल करण्याचा व्यवसाय कोणाला सुरू करायचा आहे, असे समजा. पहिल्या फेरीत ग्राहकाच्या चौकटीत हमखास ‘सर्व लहान कार्यालये’ असे लिहिले जाते. त्याच्या शेजारी मूल्याच्या चौकटीत काय लिहायचे, हा प्रश्न आला की हात थबकतो, कारण ‘चांगली आणि तत्पर सेवा’ हे उत्तर कोणीही देऊ शकतो. मग ग्राहकाचे वर्णन आपोआप नेमके होऊ लागते: दहा ते वीस माणसांचे कार्यालय, स्वतःचा तंत्रज्ञ नाही, काम संगणकावाचून तासभरही चालत नाही आणि बिघाड झाला की कोणाला फोन करायचा हे ठरलेले नाही. अशा ग्राहकाला दुरुस्तीपेक्षा काम बंद न पडण्याची हमी हवी असते. तेवढे कळले की उत्पन्नाच्या चौकटीतला ‘प्रत्येक दुरुस्तीमागे शुल्क’ हा शब्दप्रयोग खोडावा लागतो आणि त्या जागी मासिक करार येतो, कारण प्रत्येक बिघाडावर कमाई करणाऱ्याने बिघाड होऊ न देण्याची हमी देणे हे विसंगत ठरते. एका चौकटीतला बदल दुसरीत असा ढकलला जातो आणि सगळे एकाच पानावर असल्यामुळे तो लगेच नजरेत भरतो. लांबलचक अहवालात हीच विसंगती निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेली राहते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

डावी बाजू मला तुलनेने कमी उपयोगी वाटली. सुरुवातीच्या टप्प्यावर मुख्य कामे आणि साधनसंपत्ती या चौकटींत बहुधा सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींची यादी होते. भागीदारांच्या चौकटीत मोठमोठी नावे लिहिण्याचा मोह आवरावा. ज्याच्याशी प्रत्यक्ष बोलणी झालेली नाहीत, त्याला तिथे जागा देऊ नये.

कॅनव्हासची सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्यात काळ नाही. खर्च आणि उत्पन्न समोरासमोर दिसतात, पण पैसा केव्हा जातो आणि केव्हा येतो हे कोठेही दिसत नाही. वरच्याच उदाहरणात बिल महिनाअखेरीस निघते आणि ग्राहक पंचेचाळीस दिवसांनी पैसे देतो असे धरले, तर पहिल्या महिन्याच्या कामाची रक्कम तिसऱ्या महिन्याच्या मध्यावर हाती येते. तोवर कर्मचाऱ्यांचे दोन पगार होऊन गेलेले असतात, जागेचे भाडे दिलेले असते आणि सुट्या भागांचा विक्रेता नव्या माणसाला उधारी देईलच असे नसते. त्यात ग्राहक भराभर वाढले, तर ही तफावत कमी होण्याऐवजी आणखी वाढते, कारण प्रत्येक नव्या करारासाठी खर्च आधी आणि वसुली नंतर असते. कागदावर नफ्यात असलेला व्यवसाय खेळत्या भांडवलाअभावी अडचणीत येतो तो असाच, आणि कॅनव्हास त्याची पूर्वसूचना देत नाही. म्हणून त्याच्यासोबत किमान बारा महिन्यांचा रोखीचा तक्ता महिनावार करणे मी अनिवार्य मानतो. त्यात आरंभीची शिल्लक, येणारी रक्कम, जाणारी रक्कम आणि अखेरची शिल्लक एवढ्या चार ओळी असल्या तरी पुरे. ज्या महिन्यात अखेरची शिल्लक सर्वांत खाली जाते, तो आकडा किती भांडवल लागेल हे सांगतो. ना-नफा-ना-तोटा बिंदूचेही तसेच आहे. ठरावीक खर्चाला प्रत्येक करारातून थेट खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेने भागले की लागणाऱ्या करारांची संख्या मिळते. ती तीस आली आणि आपल्या दोन तंत्रज्ञांना वीसच कार्यालये सांभाळता येणार असतील, तर रचनाच बदलावी लागेल. कॅनव्हास हे गणित मांडायला सांगत नाही.

स्पर्धेसाठीही त्यात स्वतंत्र चौकट नाही. ऍश मौर्य यांनी केलेल्या ‘लीन कॅनव्हास’ या रूपांतरात भागीदार, मुख्य कामे, साधनसंपत्ती आणि ग्राहकाशी नाते या चार चौकटी काढून समस्या, उपाय, मुख्य मोजमापे आणि सहज नक्कल करता न येणारे वेगळेपण या चौकटी घातलेल्या आहेत. अगदी नवी कल्पना घेऊन निघालेल्या उद्योजकाला ही आवृत्ती अधिक सोयीची पडेल, कारण ती पहिला प्रश्न समस्येचा विचारते. मात्र पुरवठादार, वितरक किंवा कंत्राटदार यांच्यावर ज्याचा डोलारा उभा आहे अशा व्यवसायाला मूळ आवृत्तीच घ्यावी, अन्यथा सर्वांत जोखमीचा भागच पानावरून नाहीसा होतो.

वापरासंबंधी एक आग्रहाची सूचना. चौकटीत लिहिलेले प्रत्येक वाक्य हे गृहीतक आहे असे समजूनच ते लिहावे. ग्राहकांचा शोध ही उद्योजकाची पहिली जबाबदारी मानणारे स्टीव्ह ब्लँक हेही कॅनव्हासचा उपयोग याच रीतीने करायला सांगतात: कार्यालयाबाहेर पडावे, ग्राहकांना भेटावे आणि गृहीतके तपासावीत. यासाठी संगणकावरील सुबक आवृत्तीपेक्षा भिंतीवरचा मोठा कागद आणि चिकटचिठ्ठ्या मला अधिक उपयुक्त वाटल्या, कारण नीटनेटका दिसणारा मजकूर बदलायला माणूस नाखूश असतो. एका चिठ्ठीवर एकच गृहीतक लिहावे, ज्याची खातरजमा झालेली नाही त्यासाठी वेगळा रंग ठेवावा आणि ज्या गृहीतकावाचून व्यवसाय उभाच राहू शकत नाही, त्याची तपासणी सर्वांत आधी करावी. देखभालीच्या व्यवसायात ते गृहीतक म्हणजे बिघाड नसलेल्या महिन्यातही कार्यालये पैसे देतील हे. ते तपासण्यासाठी कार्यालयप्रमुखाला मत विचारण्यापेक्षा कराराचा मसुदा पुढे ठेवून सही मागावी.