‘व्हीपीपी-रेडी’ बॅटरी किट इंदूरच्या घरात: घ्यावं, पण शिक्क्यासाठी नको

5 किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा), जोडीला 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. रामबाग असो की सुदामानगर, घरगुती किटचा मसाला साधारण हाच, कंपनीचं नाव तेवढं बदलतं. डब्यावर ‘व्हीपीपी-रेडी’ लिहून कोणी वर पैसे मागत असेल, तर तिथेच हात आखडता घ्या.

व्हीपीपी, म्हणजे व्हर्च्युअल पॉवर प्लांट: हजारो घरांच्या बॅटऱ्या, एसी आणि चार्जर एका सॉफ्टवेअरला बांधायचे. मागणी चढली की त्यांच्याकडून वीज घ्यायची, नाहीतर त्यांचा वापर उतरवायचा. 30 मे 2024 ला देशाची मागणी 250 गिगावॅटला टेकली, पण ती दुपारी, सोलर हाताशी असताना. खरी ओढाताण सूर्य मावळल्यावर होते. कॅलिफोर्नियात 2022 साली अशाच अडचणीच्या तासांत टेस्लाच्या घरगुती बॅटऱ्यांनी ग्रिडला दिलेल्या युनिटमागे 2 डॉलर मिळत होते. यंत्र जवळपास हेच, फक्त तिथे पैसे मोजणारा गिऱ्हाईक होता.

आता आपला हिशोब. स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत 20 टक्के सूट आहे. युनिट 7 रुपयांचं धरलं तर दिवसा 5.60 ला पडतं. बॅटरीत भरून काढताना सुमारे 13 टक्के वीज वाया जाते, म्हणजे रात्री वापरलेलं युनिट 6.44 ला. वाचले 56 पैसे. रोज 4.3 युनिट फिरवलीत तरी वर्षाचे नऊशे रुपयेसुद्धा होत नाहीत. यातून बॅटरीची किंमत निघणं शक्यच नाही. नेट मीटरिंग (सोलरची जादा वीज ग्रिडला देऊन बिलातून वजा करून घेणं) असेल तर ग्रिडच तुमची बॅटरी, तीही फुकट. शिवाय गच्चीवरच्या सोलरसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेचं 78,000 रुपयांपर्यंतचं अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मिळतं, बॅटरीवर नाही.

म्हणून बॅटरी घ्यायची ती लाईट गेल्यावर घर चालावं यासाठी. तिथे किट खरंच चांगलं आहे. 5.12 युनिटांपैकी हाती 4.3 पडतात. फ्रिज, चार पंखे, दिवे, टीव्ही आणि राऊटर मिळून 450 वॅट धरले तर नऊ तास निघतात. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी लावलात की तीन तासही पुरत नाही. फसगत वेगळ्याच ठिकाणी होते: इन्व्हर्टर 5 किलोवॅटचा असला तरी बऱ्याच बॅटऱ्यांचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) सलग 50 अँपिअरच देतो, म्हणजे अडीच किलोवॅट. त्यावर बोरिंगची एक एचपीची मोटर सुरू केलीत तर ती सुरुवातीलाच पाच-सहा पट करंट ओढते आणि सगळं घर अंधारात. डेटाशीटवर ‘कंटिन्युअस डिस्चार्ज करंट’ वाचा आणि मोटर बॅकअपच्या बाहेर ठेवा.

सगळ्यात जास्त गडबड होते ती सीटी क्लॅम्पवर, म्हणजे वायरभोवती बसवून करंट मोजणाऱ्या चिमट्यावर. मीटरकडून येणाऱ्या फेजच्या वायरवर, सगळ्या लोडच्या आधी, बाणाची दिशा पाहून तो बसवायचा असतो. उलटा बसला तर इन्व्हर्टरला घेतलेली वीज दिलेली वाटते: घरात गिझर चालू आणि बॅटरी मात्र ढिम्म. तपासणी सोपी आहे. रात्री बॅटरीचा डिस्चार्ज बंद ठेवून 2 किलोवॅटचा गिझर लावा. ॲपमध्ये ग्रिडकडून घेतलेल्या विजेचा आकडा तेवढाच वाढला पाहिजे. वाढण्याऐवजी कमी झाला तर क्लॅम्प उलटा, जागचा हललाच नाही तर चुकीच्या वायरवर. थ्री-फेज कनेक्शनला सिंगल-फेज इन्व्हर्टर लावला असेल तर बाकीच्या दोन फेजवर काय चाललंय, हे एका सीटीला कळतच नाही.

दुसरी गडबड न्यूट्रलची. बॅकअपचा न्यूट्रल ग्रिडच्या न्यूट्रलबारवर (सगळे न्यूट्रल जोडायची पट्टी) बांधला की आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत राहतो, आणि दोष इन्व्हर्टरच्या माथी मारला जातो. दोन्ही बार वेगळे हवेत. आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किट ठेवू नका. मे महिन्यात तिथे 45 अंशांच्या वर तापमान गेलं की इन्व्हर्टर आपणहून ताकद कमी करतो आणि बॅटरीचं आयुष्यही घटतं. जिन्याखालची हवेशीर जागा बरी.

पुढेमागे इथेही संध्याकाळच्या युनिटला भाव मिळाला तर उपयोगी पडतील अशा तीनच गोष्टी आहेत. एक, आरएस485 वायरवर मॉडबस असावा, म्हणजे बाहेरचं यंत्रही इन्व्हर्टरशी बोलू शकेल, आणि त्याचा रजिस्टर-नकाशा (कुठला आकडा कुठे वाचायचा याची यादी) लेखी मिळावा; सगळं फक्त कंपनीच्या क्लाउडवरून चालत असेल तर ती सोय कंपनीची, तुमची नाही. दोन, बॅटरीत किमान किती टक्के राखून ठेवायचं ते तुम्हाला ठरवता यावं, 40 टक्के ठेवलंत तर रात्री लाईट गेल्यावर हात चोळत बसावं लागणार नाही. तीन, वॉरंटी. 6,000 सायकल (एकदा भरून रिकामी झाली की एक) म्हणजे रोज एक धरून सोळा वर्षं, पण ग्रिडसाठी बॅटरी वापरली तर वॉरंटी रद्द होईल असं कलम बारीक अक्षरात असू शकतं.

बॅकअप म्हणून पाचपैकी चार, व्हीपीपी म्हणून दीड. विक्रेता ‘महिन्याला कमाई’ म्हणाला तर कराराची प्रत मागा: पैसे कोण देणार, युनिटला किती आणि मोजणार कोणत्या मीटरवर. उरलेली रक्कम देण्याआधी मेन स्विच पाडून घर पंधरा मिनिटं बॅटरीवर चालवून घ्या, फ्रिजचा कॉम्प्रेसर एकदा तरी सुरू होईपर्यंत.