दहा चाकी टिप्परवर हवेचे सेन्सर: सात महिन्यांनंतर

मार्चमध्ये टिप्परच्या दहाही व्हॉल्व्हवर सेन्सर आणि केबिनमध्ये स्क्रीन बसवली. आमची गाडी वाघोलीच्या क्रशरवर खडी भरते आणि हिंजवडीजवळच्या माण गावातल्या साइटवर ओतते. सगळं डांबरच, पण शेवटचा दीड किलोमीटर काळी माती, आणि टायरचा जीव तिथेच जातो.

संच घेतला होता पंक्चर लवकर कळावं म्हणून. पहिल्याच सकाळी वेगळंच दिसलं: मागच्या डाव्या जोडीत बाहेरचा टायर ११० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), आतला ७२. टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, ठोकून आवाज ऐकायची आमची पद्धत, आणि आतल्याला नीट ठोकतो कोण? बाहेरच्याची नक्षी आधी जाते म्हणून दोन वर्षं टायरवाल्याशी भांडत होतो. बाहेरचा टायर बिचारा एकटाच दोघांचं ओझं वाहत होता.

मे महिन्यातला घोळ मात्र आमचाच. चाकण-तळेगाव रस्त्यावर दुपारी ड्रायव्हरचा फोन, "मालक, सगळीकडे १२४ दाखवतंय, सोडू का हवा?" मी म्हटलं सोड. दुसऱ्या दिवशी थंड गाडीवर ९८! सकाळच्या २७ अंशांना भरलेली ११० हवा टायर साठ अंशांवर गेला की १२४ होणारच. ती वाढ टायरच्या हिशोबातच धरलेली असते. गरम टायरची हवा सोडायची नाही, हे तेव्हा कळलं.

जुलैत खरा कस लागला. चिखलात मागची आठ चाकं ८५ वर आणायची, पुढची दोन तशीच. टायर पसरतो, जमिनीवर जास्त टेकतो, कमी रुततो. टायर कंपनीच्या तक्त्यात आपलं वजन आणि वेग बघूनच आकडा ठरवा. आम्ही आत ताशी पंधरा किलोमीटरच्या वर जात नाही. गेल्या पावसाळ्यात जेसीबीने ओढून काढायची वेळ आठवड्याला यायची, यंदा दोनदाच आली.

बाहेर येऊन परत भरणं हीच डोकेदुखी. ब्रेकच्या हवेच्या टाकीवरून पाइप लावतो. आमच्या टाकीत हवा भरणं ८ बारला, म्हणजे ११६ पीएसआयला, आपोआप बंद होतं, त्यामुळे शंभरीनंतर हवा मुंगीच्या चालीने शिरते. आठ चाकांना पाऊण तास. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी डक गाडीत ड्रायव्हर चालता चालता केबिनमधूनच हवा कमी-जास्त करायचा. आम्ही अजून उकिडवे बसून व्हॉल्व्ह शोधतोय.

बाकी तक्रारी: आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हला जोडलेली रबरी एक्स्टेंशन नळी दोनदा गळली, लोखंडी लावल्यावर थांबली. रात्री पार्किंगमधून एक सेन्सर गेला. चिखल बसला की आकडा उशिरा येतो. किमतीबद्दल एवढंच, वाचलेल्या दोन टायरांत पैसे फिटले.

ऑगस्टमध्ये स्क्रीन गप्प का म्हणून पाहिलं, तर बझरवर चिकटपट्टी. अलार्म ९५ ला लावलेला, त्यामुळे हवा न भरता डांबरावर आलं की तो बोंबलणारच. म्हणजे ८५ वरच वाघोलीला परत, आणि तिथून खडी भरलेली गाडी पन्नासच्या वेगाने हिंजवडीपर्यंत. ड्रायव्हरवर भडकलो, पण हवा भरायचा पाऊण तास मीच खेपेच्या हिशोबात धरला नव्हता. आता प्रत्येक खेपेला शंभर रुपये हवेचे वेगळे देतो, आणि साइटच्या गेटवरून स्क्रीनचा फोटो आल्याशिवाय पुढची पावती फाडत नाही.