एकवीस दिवस माती हलवायची नाही

सव्वा वर्ष झालं या गोष्टीला. गेले 2,350 रुपये. रडत बसावं एवढी ती रक्कम नाही, पण फसले कशी ते अजून मनातून जात नाही. कारण टेम्पोतून गुलाबाची झाडं विकणाऱ्या त्या माणसाने मला दिलेला जवळजवळ प्रत्येक सल्ला बरोबर होता.

आधी हे सांगते की गुलाबात मी अगदीच नवखी नाही. पुण्यात आमच्या पूर्वेच्या गॅलरीत दहा-बारा वर्षं कलमी गुलाब आहेत. त्यात एक ग्लॅडिएटर तर मुलाच्या दहावीपासूनचा. दिवाळीच्या आधी छाटणी, शेणखत, मावा आला की नीमतेल, एवढं येतं मला. छोटे मिनिएचर गुलाब मात्र कधी लावले नव्हते. गॅलरीचा कठडा अरुंद, तिथे छोट्या कुंड्यांची एक ओळ असावी असं फार दिवस मनात होतं.

नोव्हेंबरातली संध्याकाळ, साडेसहाचा सुमार. सोसायटीच्या कोपऱ्यावर टेम्पो उभा, वर एकच पिवळा बल्ब. हा अंधुक बल्बसुद्धा धंद्याचा भाग असतो, हे आता कळतं. टेम्पोत पन्नास-साठ छोट्या कुंड्या, प्रत्येकीत वीतभर झाड आणि त्यावर रुपयाच्या नाण्याएवढी दोन-तीन फुलं. लाल, पिवळी, केशरी, एक तर दुरंगी. माझा पाय तिथेच अडला.

"ताई, जपानी मिनिएचर. याच्यापुढं वाढत नाही."

मी परीक्षा घ्यायला गेले. माहेरी शिकवलेलं, की कलमी गुलाबाला एका देठावर पाच पानं आणि जंगलीला सात. म्हटलं, "दादा, याला तर सात पानं दिसतायत." तो हसला. "ताईंना माहितीये म्हणजे. पण मिनिएचरला सातही येतात." आता हे खरं आहे. पाच-सातचा तो नियम ढोबळच आहे, पुष्कळ चांगल्या गुलाबांना सात पानं येतात. मग मी बुंध्याजवळ गुंडाळलेली हिरवी पट्टी दाखवली. तो म्हणाला, "ही डोळा भरल्याची पट्टी. आत्ता सोडू नका, सांधा उघडेल." डोळा भरणं म्हणजे चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा अंकुर दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवून कलम करणं. अशी झाडं मी पाहिली होती, पट्टीही पाहिली होती, त्यामुळे लगेच पटलं. एखाद्या अगदी अडाणी माणसाने ती पट्टी उत्सुकतेने ओढून पाहिली असती. माझ्यासारख्या अर्धवट जाणकाराने नाही ओढली.

साडेचारशे सांगितले, साडेतीनशेला आला. सहा घेतल्या. वर अडीचशेला "मुळं धरायचं खत", निळे दाणे, पण तेही आत्ता नाही, तीन आठवड्यांनी टाकायचं. निघताना त्याने अगदी काळजीने सांगितलं, "एकवीस दिवस माती हलवायची नाही. कुंडी बदलायची नाही. सावलीत ठेवा, पाणी शिंपडून द्या. फूल सुकलं तर घाबरू नका, प्रवासाने सुकतं, कापून टाका." नव्या झाडाची कुंडी लगेच बदलू नये, हे मीही दहा जणांना सांगितलं असेल.

पाच दिवस फुलं ताजी राहिली. सहाव्या दिवशी सगळ्यांनी एकदम माना टाकल्या. मी त्याच्या सांगण्याप्रमाणे (आणि माझ्या सवयीप्रमाणे) कात्रीने फुलं कापली, देठासकट. म्हणजे पुरावा मीच केराच्या डब्यात टाकला.

पुढच्या तीन आठवड्यांत चार झाडं वाळली. मी स्वतःला दोष देत बसले. पाणी जास्त झालं का, गॅलरीतला वारा लागला का. घरात आमच्या ह्यांनी "जपानी झाडाला पुण्याचं पाणी मानवलं नसेल" असा विनोद केला, तोही मला खरा वाटला. उरलेल्या दोन झाडांना मात्र तरतरीत फुटवे आले आणि माझा आनंद गगनात मावेना. निळे दाणे टाकले. पाणी निळं झालं आणि मातीवर बारीक वाळूचा थर उरला. तरीही डोक्यात प्रकाश पडला नाही. जानेवारीपर्यंत ते फुटवे दोन फूट लांब, छडीसारखे सरळ. "याच्यापुढं वाढत नाही" म्हणणाऱ्याच्या झाडाने कठडा ओलांडला, आणि कळीचा पत्ता नाही.

26 जानेवारीच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन असतं. तिथे मी एक डहाळी ओल्या रुमालात गुंडाळून घेऊन गेले. गुलाबांच्या टेबलामागे एक वयस्कर काका बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पान उलटं केलं आणि देठाचं बूड माझ्या डोळ्यांसमोर धरलं. "इथे बघा. दोन्ही बाजूंना ही झालर दिसते?" दिसली. पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो तिथे दोन अरुंद पाती असतात. बाकीच्या गुलाबांना त्यांची कड सहसा साधी असते, इथे कंगव्याच्या दातांसारखी फाटलेली होती. "हा मल्टिफ्लोरा. आम्ही यावर डोळे भरतो. हा खुंट आहे हो, ताई, कलमाखालचं जंगली झाड. काडी खोचली की जगतो, म्हणून तुमच्या दोन जगल्या."

"पण मग फुलं कुठून आली?"

"ते घरी जाऊन बघा," म्हणाले.

वाळलेल्या चारपैकी एक कुंडी आळसाने तशीच ठेवली होती. ती वर्तमानपत्रावर उलटी केली. लाल मातीचा घट्ट गोळा, त्यात तिरप्या कापलेल्या दोन काड्या, मुळाचा एक तंतूही नाही. पट्टी सोडली. आत त्यातल्या एका काडीला बांधलेला दुसरा, बारीक, वाळलेला देठ. त्याचं टोक जिथे घुसलं होतं तिथे गोळा फोडला तर आत हिरवा चुरा. मी बोटावर घेऊन चोळला आणि ओळखला. लग्नातल्या स्टेजवर फुलांच्या रचनेखाली असतो तो स्पंज, पाणी धरून ठेवणारा. काडेपेटीच्या अर्ध्या आकाराचा तुकडा. पाच दिवस फुलं ताजी राहिली ती त्याच्या जोरावर. फुलं बाजारातली बटण गुलाबाची असणार, कापून आणलेली. आणि माती एकवीस दिवस का हलवायची नाही, याचं उत्तर वर्तमानपत्रावर पडलं होतं.

तक्रारीचं विचाराल तर बिल नाही, टेम्पोचा नंबर पाहिला नाही, क्यूआरवर पैसे ज्या नावाने गेले तो हाच माणूस का, हेही मला सांगता येणार नाही. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर हाताशी होता, पण पुरावा म्हणून दाखवणार काय, स्पंज?

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या काकांकडे गेले. खरं मिनिएचर त्यांनी माझ्या हातात दिलं तेव्हा पहिल्यांदा नजर स्वच्छ झाली. फक्त फूल छोटं नसतं, सगळंच छोटं असतं. पान करंगळीच्या नखाएवढं, काटे बारीक, दोन पानांमधलं अंतर कमी, कळी वाटाण्यासारखी. माझ्या कुंड्यांत फूल नाण्याएवढं आणि पान अंगठ्याएवढं होतं, हे मला बल्बखाली दिसलंच नव्हतं. मिनिएचर बहुधा स्वतःच्या मुळांवर वाढवतात, छाट कलमाने, म्हणजे डोळा न भरता फांदीचा तुकडाच मातीत लावून, असंही ते म्हणाले. म्हणजे ज्या पट्टीने माझा विश्वास बसला तिनेच शंका यायला हवी होती. उंचीवर मात्र जाऊ नका म्हणाले, कारण वेलीसारखे वाढणारे मिनिएचरही असतात आणि त्यांची फुलं लहानच राहतात. कॅलिफोर्नियातल्या राल्फ मूर या माणसाने आयुष्यभर हेच गुलाब तयार केले, 102 वर्षं जगला, 2009 मध्ये गेला, हेही त्यांनीच सांगितलं. सांगताना चेहरा असा, जणू शेजारीच राहायचा.

आता मी झाड घेते ते दिवसाउजेडी. कुंडी उचलून तळाची भोकं बघते, पांढरी मुळं डोकावत असली तर बरं. फुलाचा देठ बोटाने खालपर्यंत चाचपत जाते, तो फांदीतूनच निघालाय ना, मातीतून किंवा पट्टीतून नाही ना. आणि बुंधा दोन बोटांत धरून अगदी हलकेच वर ओढते. मुळं असलेलं झाड मातीसकट येतं, खोचलेली काडी एकटीच वर सरकते. विकणारा "ओ ताई, ओढू नका" म्हणून ओरडला तर पैसे पर्समध्येच राहतात. फुललेल्या झाडापेक्षा दोन-चार घट्ट कळ्या असलेलं घेते. कापलेल्या देठावरच्या घट्ट बारीक कळ्या उमलण्याआधीच मान टाकतात, त्यामुळे असली फसवणूक आठवड्यात उघडी पडते.

सोलापूर रस्त्याला उरुळीकडच्या एका रोपवाटिकेतून तीन आणली, 120 रुपयांना एक. सहा इंची कुंडीत आहेत. एप्रिलमध्ये लाल कोळी या किडीने हैराण केलं. पानं धुरकट झाली, मागून बारीक जाळी. रोज सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पाण्याचा फवारा मारला, तेव्हा आटोक्यात आलं. औषधापेक्षा तोच उपाय चालला. ऑक्टोबरात हलकी छाटणी केली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस कठडा भरला.

परवा दुसऱ्याच चौकात दुसराच टेम्पो दिसला, माणूसही दुसरा. मी पलीकडून चालले होते. एका काकूंना तो सांगत होता, "एकवीस दिवस माती हलवायची नाही." शब्दसुद्धा तेच. मी रस्ता ओलांडून गेले आणि म्हटलं, "काकू, ते फूल जरा ओढून बघा." त्या माझ्याकडे संशयानेच बघायला लागल्या. त्यांनी फूल ओढलं की नाही, माहीत नाही. टेम्पोवाला माझ्यावर एवढ्या मोठ्याने ओरडला की मी निघून आले.

जगलेले ते दोन जंगली खुंट मी फेकले नाहीत. सव्वा वर्षात बुडाशी पेन्सिलीएवढे जाड झालेत. गेल्या आठवड्यात काकांनी दाखवलं तसं एकाला इंग्रजी टी सारखी चीर दिली आणि माझ्या ग्लॅडिएटरचा डोळा भरला. पट्टी मीच बांधली. तीन आठवडे ती सोडायची नाही, असं काकांनी बजावलंय. आज आठवा दिवस.