दहा मंगळवार, बाराशे रुपये आणि घरची पळी

दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात आमची पिठाची चक्की आहे. बावीस वर्षं झाली तिथे बसते आहे, आणि बसल्याचंच हे वजन. सप्टेंबरात बीपीची गोळी सुरू झाली, डॉक्टर म्हणाले वजन उतरवा. म्हणून तालुक्याला भरणाऱ्या एका आहार वर्गात नाव घातलं. दर मंगळवारी अकरा ते साडेबारा, दहा मंगळवार, फी १२०० रुपये. वर्गाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारी आहेत आणि शिकवणारी मॅडम पोर मनानं चांगली आहे.

पहिल्या दिवशी हाती कागद आला: ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्हचं तेल. मी म्हटलं, मॅडम, आमच्या बाजारात आंबाडी मिळते, बरबटी मिळते, हे काय मिळत नाही. हसली बिचारी. पुढच्या मंगळवारी तो कागद बाजूला ठेवून आमच्याकडूनच भाज्यांची यादी लिहून घेतली. याचे पूर्ण मार्क.

पण पैसे वसूल झाले ते तिसऱ्या मंगळवारी. प्रत्येकीनं घरची तेलाची पळी आणायची होती. मॅडमनं एकेकीची पळी पाण्यानं भरून मापाच्या पेल्यात ओतली. माझी निघाली ४० मिली. भाजीला अशा दोन, वरणाच्या फोडणीला एक, वर तर्री दिसली पाहिजे म्हणून अर्धी. मग विचारलं, डबा किती दिवस पुरतो? आमचं पाच माणसांचं घर, १५ किलोचा डबा दोन महिन्यांत खडखडीत. भागाकार मीच केला, चक्कीवाल्या बाईला हिशेब येतोच: माणशी दिवसाला ५० ग्रॅम. मॅडम म्हणाली, २५-३० च्या वर नको. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे वरच्या वीस ग्रॅमच्या १८०. दोन पोळ्यांएवढं रोज जास्तीचं, तेही न चावता!

घरी चहाचा चमचा काढला. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी ताट सरकवलं, "हे भाजी हाय का काढा वं?" आठ दिवस मी दोन भाज्या केल्या, नंतर कंटाळून एकच. आमचे हे काही बोलले नाहीत, फक्त ठेचा जास्त घेऊ लागले. आता डबा तीन महिने जातो.

दुसरी कामाची गोष्ट भाकरीची. माझ्या चक्कीवर पूर्वी ज्वारीच जास्त यायची. मग शेतात सोयाबीन आलं, रोही-डुकरांपायी ज्वारी पेरणं लोकांनी सोडलं, आणि आता दिवसभर गहूच दळते. वर्गातल्या बायांना वाटायचं, भाकर खाल्ली की वजन उतरलंच. मॅडमनं खरं सांगितलं: ज्वारी काय न् गहू काय, शंभर ग्रॅमला सव्वातीनशे-साडेतीनशेच कॅलरी. फरक ताटाच्या मांडणीत पडतो. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट भाकर किंवा भात, पाव ताट डाळ-उसळ. आमच्या ताटात वरण-भाताचा डोंगर आणि कडेला चमचाभर भाजी असायची. चतुर्थीचा उपास तर विचारूच नका, फल्लीचा कूट घातलेली साबुदाण्याची वाटीभर उसळ आणि वर आलूचा चिवडा, रोजच्या जेवणापेक्षा भारी.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, लोणचं-पापड धरून, हेही कळलं. मात्र आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीच खारट, त्याचं काय धरायचं, यावर मॅडमकडे उत्तर नव्हतं.

आता तक्रारी. दर वेळी काट्यावर उभं करून आकडा मोठ्यानं वाचायचे. ७८ हा आकडा बावीस बायांनी ऐकला. तिसऱ्या वारापासून मी घरच्या तोलकाट्यावरच वजन करू लागले, गव्हाच्या पोत्यांनंतर माझा नंबर. सहाव्या मंगळवारी मॅडम बाजूला झाली, एक माणूस आला आणि प्रोटीन पावडरचे डबे मांडले, एक डबा २४०० रुपये. फीच्या दुप्पट! त्या पैशांत घरात किती मूग-चणे येतात ते मला किलोवर सांगता येतं. तिघींनी घेतला, एकीनं नवऱ्याला न सांगता. आणि वेळ? ऐन कापूस वेचणीत सकाळी अकराला कोण मोकळं असतं? बावीसच्या शेवटी नऊ राहिल्या. मजुरीवर जाणाऱ्या एकजात गळाल्या, आणि फी परत नाही.

माझं वजन वर्ग संपला तेव्हा साडेचौऱ्याहत्तर, आता फाल्गुनात ७३. दोन महिन्यांपासून तिथंच अडलंय. पहिल्याच आठवड्यात दीड किलो गेलं तेव्हा मी पेढे वाटायला निघाले होते, मॅडमनं थांबवलं, त्यात पाणीच जास्त असतं म्हणाली, पुढं आठवड्याला अर्धा किलो खूप झाला. शेकडा पाच उतरलं तरी बीपीला फायदा होतो, तेवढं माझं उतरलंय. गोळी मात्र चालूच आहे, डॉक्टरांनी बंद केलेली नाही.

पाचपैकी साडेतीन देते. दीड कापला तो पावडरवाल्याचा आणि वेळेचा. पुढचा वर्ग उन्हाळ्यात आहे म्हणे, बाया मोकळ्या असतील. जाल तर पळी घेऊन जा आणि सहाव्या मंगळवारी पाकीट घरी ठेवा. माझी ४० मिलीची पळी सध्या आत्याबाईंकडे आहे, अंगणातल्या तुळशीला पाणी घालायला.