साइट पाडावी, की मेल पाठवावेत?

एखाद्या सरकारी संस्थेचा राग आलाय आणि रस्त्यावर उतरणं जमणार नाही, अशा वेळी दोन वाटा हमखास सुचवल्या जातात: सगळ्यांनी मिळून मेलांचा मारा करायचा, किंवा डीडॉस करून, म्हणजे एकाच वेळी असंख्य कॉम्प्युटरांवरून मागण्यांचा भडिमार करून, त्यांची साइट आडवी करायची. आपल्याकडे या दोन्ही वाटा एकाच प्रकरणात पाहायला मिळाल्या, म्हणून तेच उदाहरण घेतो.

मार्च २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे सरकारच्या दूरसंचार नियामकाने, इंटरनेट सेवांच्या नियमनावर वीस प्रश्नांचं चर्चापत्र काढलं. नेट न्यूट्रॅलिटीवाल्यांनी, म्हणजे इंटरनेटवर सगळ्या साइट्सना सारखीच वागणूक मिळावी म्हणणाऱ्यांनी, तयार उत्तरं पुरवली आणि दहा लाखांहून जास्त मेल गेले. त्यात एक माझा. २७ एप्रिलला ट्रायने हे मेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट साइटवर टाकले. लोक भडकले, आणि ते रास्तच होतं. साइट बंद पडली. अ‍ॅनॉनिमस या निनावी हॅकरांच्या नावाने वावरणाऱ्या एका भारतीय गटाने ते आपलंच काम असल्याचं सांगितलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मनातून मला बरंच वाटलं होतं.

डीडॉसची बाजूही अगदीच लंगडी नाही. त्यात काही चोरीला जात नाही, साइट थोड्या वेळाने पूर्ववत होते. १९९८ मध्ये रिकार्डो डोमिंगेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोतल्या झापातिस्त बंडखोरांच्या पाठिंब्यासाठी तिथल्या अध्यक्षांच्या साइटवर फ्लडनेट नावाचं साइट तुंबवणारं टूल चालवलं, तेही स्वतःच्या नावानिशी. त्यासाठी ब्राउझर उघडून बसणारी माणसं लागत. त्याला कुणी धरणं म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

माझं घोडं अडतं ते डोकी मोजण्यापाशी. डिसेंबर २०१० मध्ये गुप्त कागदपत्रं फोडणाऱ्या विकिलीक्सच्या देणग्या अडवल्या म्हणून अ‍ॅनॉनिमसने पेपाल, व्हिसा, मास्टरकार्डवर हल्ले केले. हजारो लोकांनी लोइक नावाचं हल्ल्याचं टूल उतरवून घेतलं. पण खरा जोर होता दोन-चार जणांच्या हातातल्या बॉटनेटचा, म्हणजे ज्यांना काहीच कल्पना नाही अशा लोकांच्या कॉम्प्युटरांचा. सभेला ट्रक भरून माणसं आणतात तसंच हे, फक्त इथे ट्रकमध्ये बसलेल्यांना आपण सभेला आलोय हेही ठाऊक नसतं. मग साइट पडली तरी तिच्यामागे दहा हजार माणसं होती की दोन, हे कळायचं कसं? वर लोइक आयपी पत्ता लपवत नव्हतं, म्हणजे हल्ला कुणाच्या कनेक्शनवरून झाला ते शोधता येत होतं. पेपाल प्रकरणात २०११ साली अमेरिकेत चौदा जणांना अटक झाली.

मेलांचं मात्र फार कौतुक करवत नाही. वीसच्या वीस प्रश्न वाचून मेल पाठवणारा मला अजून भेटायचाय. पण मेल चाळता येतात. २०१५ च्याच डिसेंबरात फेसबुकने फ्री बेसिक्स या मोजक्याच साइट फुकट दाखवणाऱ्या आपल्या योजनेसाठी लोकांकडून तयार मजकुराचे मेल पाठवून घेतले, तेव्हा आम्ही विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरं यात नाहीत, असं ट्रायने सुनावलं. ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभावी दरांवर, म्हणजे वेगवेगळ्या साइटसाठी इंटरनेटचे वेगवेगळे दर लावण्यावर, बंदी आली. साइट पाडल्याने त्यात तसूभर फरक पडला असेल, असं मला तरी वाटत नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं. साइट पाडणार असाल तर आयटी कायद्याचं कलम ६६ तेवढं वाचून ठेवा: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि मेल पाठवणार असाल, तर त्यासाठी वेगळा पत्ता काढा. यादी पुन्हा साइटवर झळकणार नाही, याची हमी कोण देणार?