मोठी फर्म, एनसीएलटीतले वकील की कंपनीचा विधी विभाग: इंटर्नशिप आधी कुठे करावी?

कॉर्पोरेट कायद्यात जायचं ठरलं, की लगेच प्रश्न येतो: सुट्टीतले चार आठवडे कुठे घालवायचे? बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही. संधी अशा मोजक्याच, आणि बहुतेक जण पहिल्यापासून मोठ्या फर्मच्या मागे लागतात. मला ते पटत नाही. फर्म हवीच, पण आधी नको.

फर्ममध्ये काय मिळतं ते आधी पाहू. सिरिल अमरचंद मंगलदास, खेतान, एझेडबी अशा मुंबईतल्या मोठ्या फर्ममध्ये इंटर्नच्या वाट्याला येतं ते मुख्यतः ड्यू डिलिजन्स (व्यवहाराआधी कंपनीच्या कागदपत्रांची तपासणी), रिसर्च आणि प्रूफरीडिंग. डेटा रूम, म्हणजे त्या कागदांचा ऑनलाइन साठा, उघडायची आणि एकेक कागद पडताळून एक्सेलमध्ये नोंदवत जायचं. समजा, कंपनीने प्रायव्हेट प्लेसमेंटने, म्हणजे निवडक लोकांनाच, शेअर्स दिले आहेत. संचालक मंडळाचा ठराव आहे का, भागधारकांचा विशेष ठराव आहे का, शेअरवाटपाची माहिती देणारा पीएएस-३ फॉर्म कधी भरला, आणि तो भरण्याआधीच आलेले पैसे वापरले का? कंपनी कायद्याच्या कलम ४२ नुसार तसे पैसे वापरता येत नाहीत. बँक स्टेटमेंट आणि फॉर्मची तारीख शेजारी ठेवली की चूक दिसते. अशी एक चूक नेमकी पकडून दोन ओळींत लिहिलेला इंटर्न असोसिएटच्या (फर्ममधल्या कनिष्ठ वकिलाच्या) लक्षात राहतो. कारखान्याची जमीन महाराष्ट्रात असेल तर सातबारा, फेरफार, इंडेक्स टू हे सगळं मराठीत येतं. तेव्हा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी अजिबात मागे राहू नये. ते कागद न अडखळता वाचणारा माणूस टीमला हवाच असतो.

फर्मची मर्यादाही इथेच आहे. व्यवहार काही महिने चालतो, तुम्हाला त्यातला एक तुकडा दिसतो. करारातलं चेंज ऑफ कंट्रोलचं (कंपनीचा ताबा बदलला तर काय, हे सांगणारं) कलम शोधून तुम्ही तक्त्यात टाकता, पण ते नसल्याने पुढे कुणाचं काय बिघडतं, हे तिथे कळत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला तर ते कलम कशासाठी आहे हेच उमगलेलं नसतं.

ते उमगतं एनसीएलटीत. एनसीएलटी म्हणजे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण; ते १ जून २०१६ पासून सुरू झालं. मुंबईचं खंडपीठ कफ परेडला एमटीएनएलच्या इमारतीत बसतं. दिवाळखोरी संहिता, विलीनीकरणाच्या योजना, अल्पसंख्य भागधारकांच्या तक्रारी, सगळं तिथे. तिथे काम करणाऱ्या वकिलांच्या चेंबरमध्ये इंटर्नला तारखांची यादी करायला देतात, आणि माझ्या मते कॉर्पोरेट कायदा शिकायला याहून चांगलं काम नाही.

दिवाळखोरी संहितेच्या कलम ९ चा अर्ज घ्या. माल पुरवणाऱ्याचे एक कोटी किंवा त्याहून जास्त थकलेत, त्याने मागणीची नोटीस दिली, दहा दिवस गेले, अर्ज दाखल झाला. आता तुम्ही दोन्ही बाजूंचे दोनतीनशे ईमेल तारीखवार लावत बसता. मध्येच एक ईमेल सापडतो: ‘मागच्या खेपेचा माल सदोष आहे, पैसे रोखून ठेवतोय.’ तो नोटिशीच्या आधीचा आहे की नंतरचा, यावर अख्खा अर्ज टिकतो किंवा पडतो. मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोटिशीआधीपासूनचा खरा वाद असेल तर अर्ज फेटाळावा लागतो, हे स्पष्ट केलं. तो निकाल तुम्ही वर्गात वाचलेला असतो, पण हातात तो ईमेल आला की करारातलं मालाच्या तपासणीचं कलम कसं लिहायला हवं होतं हे कुणी शिकवावं लागत नाही. टाटा सन्स आणि तिचे हटवलेले अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा वादही २०१६ मध्ये याच खंडपीठापुढे आला होता. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कंपनीच्या आर्टिकल्समधल्या (अंतर्गत नियमावलीतल्या) कलमांवर किती खल झाला ते पाहा.

तोटेही आहेत. दिवसभर थांबून नुसती तारीख पडते. स्टायपेंड बहुतेक ठिकाणी नाही किंवा नावापुरता. लातूर-कोल्हापूरहून येणाऱ्याला मुंबईतला महिन्याचा खर्च खिशातून करावा लागतो, आणि हे मला मनापासून खटकतं. तेव्हा स्टायपेंडचं आधीच विचारा, त्यात लाज नाही. ओळख नसेल तर एनसीएलटीच्या संकेतस्थळावरचे आदेश वाचा. हजर वकिलांची नावं त्यात असतात; त्यांना थेट लिहा.

कंपनीचा विधी विभाग हा तिसरा पर्याय. पुण्याच्या मुलांना त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, चाकण-हिंजवडीत कंपन्या भरपूर आहेत. एनडीए (गोपनीयतेचे करार), पुरवठादारांचे करार, बोर्ड मीटिंगचा अजेंडा आणि मिनिट्स ही रोजची कामं. वर सांगितलेला तो सदोष मालाचा ईमेल इथेच, खरेदी विभागातल्या कुणीतरी, वकिलाला न विचारता लिहिलेला असतो. धंदा आतून कसा चालतो ते इथे दिसतं. वेळ ठरलेली, वातावरण शांत. पण मसुदे ठरावीक साच्याचे, त्यामुळे दोन आठवड्यांत काम ओळखीचं होतं. शिवाय पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम ४९ मुळे वकिली करता येत नाही, हेही आत्ताच डोक्यात असू द्या. सीएसचा (कंपनी सेक्रेटरीचा) अभ्यास सोबत करणाऱ्यांना मात्र ही जागा सर्वात सोयीची.

मग क्रम? पाच वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एनसीएलटी, चौथ्यापासून फर्म. मोठ्या फर्म नोकरीसाठी माणसं निवडताना आपल्याच इंटर्नकडे आधी पाहतात, त्यामुळे तिथला ठसा शेवटच्या दोन वर्षांत उमटलेला बरा. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिली उन्हाळी सुट्टी चेंबरला आणि दुसरी फर्मला द्या. विधी विभाग जमलाच तर दिवाळीच्या सुट्टीत. मुंबईचा खर्च झेपणार नसेल तर पहिल्या सुट्टीत आपल्याच गावातली कंपनी धरा आणि तिथे एकच गोष्ट मागून घ्या: वादात अडकलेल्या एखाद्या कराराची जुनी फाइल वाचायला.