१०×२५ची दुर्बीण आणि गोव्यातील गावोगावची चर्च : दहा महिन्यांच्या वापरानंतर

जुलैच्या शेवटी तळावलीच्या सांत आना चर्चसमोर उभा असताना दुर्बिणीच्या डाव्या नळीत कोळिष्टकासारखे काहीतरी दिसले. घरी येऊन ती दिव्यासमोर धरली, तेव्हा भिंगाला आतून बुरशी धरली आहे हे कळले. सेवा केंद्राने 'पाणी गेले असावे' एवढ्याच कारणावर हमी नाकारली आणि वर सफाईसाठी बावीसशे रुपये सांगितले. साडेचार हजारांच्या वस्तूवर दहाव्या महिन्यात बावीसशे रुपये घालणे मला पटले नाही, कारण ती मी एकदाही पावसात उघडली नव्हती. पाणी गेले नव्हते. गोव्याची दमट हवा गेली होती. या हवेविषयी पुढे बरेच लिहायचे आहे.

ऑक्टोबरात नोकरीनिमित्त पणजीला आलो, तेव्हा दर रविवारी एका गावचे चर्च नीट पाहायचे असे ठरवले. जुन्या गोव्यातील मोठी चर्च सर्वांनी पाहिलेली असतात. पण गोव्याची वास्तुकला खरी कळते ती धर्मग्रामांच्या (पॅरिशच्या) चर्चमध्ये, जिथे गावकरीच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, उत्पन्नातून आणि स्थानिक कारागिरांच्या हातांनी इमारत उभी राहिली आणि आजही तिथे बारसे, लग्न, अंत्यविधी सारे होते. दर्शनी भिंतीचे शिखर आणि वेदीमागच्या देव्हाऱ्याचे वरचे थर नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, म्हणून १०×२५ची, म्हणजे दहापट मोठे दाखवणारी आणि पुढचे भिंग पंचवीस मिलिमीटर रुंद असलेली, दुर्बीण घेतली. प्रवेशशुल्क कोठेही नाही, बसभाडे किरकोळ आहे. त्यामुळे हा एकच खर्च मी डोळसपणे केला असे तेव्हा वाटले होते. मिस्सा (चर्चमधील सामूहिक प्रार्थना) चालू असताना दुर्बीण पिशवीतच ठेवावी आणि प्रार्थना संपून लोक बाहेर पडू लागले की आत जावे, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला. दुपारी जाऊ नये, कारण बहुतेक दारांना कुलूप असते.

सुरुवात पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या चर्चपासून केली. १५४१च्या सुमारास येथे टेकडीवर छोटे चॅपेल होते आणि लिस्बनहून आलेले खलाशी सुखरूप पोहोचल्याबद्दल आभार मानायला वर चढत असत. १६१९मध्ये ते मोठ्या प्रमाणावर पुन्हा बांधले गेले. बहुतेकांचे लक्ष त्या नागमोडी दुहेरी जिन्यावर खिळते. माझे लक्ष दुर्बिणीमुळे मधल्या घंटाघरावर गेले, जे १८७१मध्ये एक मोठी घंटा टांगण्यासाठी उभारले गेले. ही घंटा जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाच्या चर्चची. १८३५मध्ये मठ बंद पडला, १८४२मध्ये त्याचे छत कोसळले आणि घंटा पुढे पणजीला आली. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलच्या घंटेखालोखाल गोव्यात हीच मोठी. बाहेरच्या उजेडात या दुर्बिणीतून चुन्याच्या कडा इतक्या स्वच्छ दिसल्या की पहिल्या महिन्यात मी ती तिघांना घ्यायला सांगितली. ती शिफारस आता मागे घेतो.

मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये तिचा दोष कळला. येथील पहिले चर्च १५६५चे आणि आजची इमारत १६७५ची. ज्या दामोदराच्या जागेवर ते उभे राहिले तो देव भक्तांनी जांबावलीला नेला आणि आजही मडगावकर गुलालोत्सवाला तेथेच जातात. हे मनात धरल्याशिवाय या चर्चसमोरच्या प्रशस्त चौकात उभे राहता येत नाही. आत मात्र दुर्बिणीतून सारे काळवंडलेले दिसले. पंचवीस भागिले दहा, म्हणजे डोळ्यापर्यंत पोहोचणारा प्रकाशाचा झोत जेमतेम अडीच मिलिमीटर. अंधारात डोळ्याची बाहुली त्याच्या दुप्पट उघडते. सोनेरी देव्हाऱ्याच्या वरच्या थरातील मूर्ती नुसत्या डोळ्यांना जितकी दिसत होती, त्याहून फारशी जास्त दिसली नाही. रेइश मागुशला हाच अनुभव पुन्हा आला. १५५५मध्ये फ्रान्सिस्कनांनी उभारलेले हे बारदेशातील पहिले चर्च; बाळ येशूला भेटी देणाऱ्या तीन राजांचे रंगीत कोरीव फलक त्याच्या वेदीवर आहे. सकाळी उघड्या दारातून तिरपा उजेड येतो, तेवढ्या अर्ध्या तासातच ते नीट पाहता आले. १५७०-७१च्या आदिलशाही वेढ्यात गोवा राखणाऱ्या दों लुईश द आताइदची समाधीशिला तर पायाशीच आहे. तिला दुर्बीण लागत नाही. साळगावचे १८७३चे निमुळत्या कमानींचे गॉथिक धाटणीचे चर्च सुंदर आहे, पण ते दुरूनच पाहावे.

सर्वांत जास्त वेळा मी दिवाड बेटावर गेलो. फेरीबोट, मग चढ, आणि माथ्यावर पिएदादचे चर्च, जे अठराव्या शतकाच्या आरंभी अंतोनियु जुआंव द फ्रीयश या गोमंतकीय धर्मगुरूच्या देखरेखीखाली पुन्हा बांधले गेले. शेजारच्या कबरस्तानातील छोट्या चॅपेलात कदंबकालीन मंदिराचे अवशेष टिकून आहेत. याच बेटावरचा सप्तकोटेश्वर पुढे खाडीपलीकडे नार्व्याला नेला गेला आणि शिवाजी महाराजांनी १६६८मध्ये त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला.

भिंतींविषयी मात्र माझे मत पूर्ण बदलले. ठिकठिकाणी पांढऱ्या भिंतींवर शेवाळाचे काळे ओघळ पाहून मला आधी संताप येई. लोक एवढे श्रद्धाळू, मग एकदाच सिमेंटचा पक्का गिलावा का करत नाहीत, असे मी वहीत लिहूनही ठेवले होते. ते चूक होते. ही सारी चर्च जांभ्याच्या चिऱ्यांची आहेत. जांभा खाणीत मऊ असतो, कापून हवेवर ठेवला की कडक होतो. पण तो सच्छिद्र असतो आणि वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पावसात उघडा राहिला तर झिजतो. म्हणून शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा आणि त्यावर दरवर्षी सफेदी. चुना पावसाचा मारा स्वतःवर घेतो आणि भिंतीत शिरलेली ओल बाहेरही सोडतो. सिमेंट तिला आत कोंडते. दक्षिण गोव्यातील साष्टीत एका गावी भिंतीचा खालचा भाग सिमेंटने झाकलेला पाहिला. तेथे गिलावा फुगला होता, त्यामागून क्षारांची भुकटी गळत होती आणि आतला चिरा बोटाने खरवडता येत होता. ज्या काळ्या ओघळांवर मी चिडत होतो ते पुढच्या सफेदीत झाकले जातात. चिऱ्याची ही झीज मात्र कशानेच भरून येत नाही. जुन्या गोव्यातील बॉम जेझस बॅसिलिकेचा गिलावा १९५०च्या दशकात काढला गेला आणि तिचा जांभा तेव्हापासून पावसात उघडा आहे. लाल दगडाची ती बॅसिलिका छायाचित्रांत सर्वांना आवडते. मलाही आवडत असे. आता तिच्या कडा बोथट झालेल्या पाहून वाईट वाटते.

बुरशी दिसली त्या दिवशी तळावलीत तवशांचे (काकड्यांचे) फेस्त, म्हणजे चर्चचा सण, होता. मूल व्हावे म्हणून जोडपी सांत आनाला काकड्या वाहतात आणि भर पावसाळ्यात अंगण माणसांनी भरून जाते. १६९५मध्ये पूर्ण झालेली या चर्चची पाच मजली दर्शनी भिंत मला गोव्यातील सर्व गावचर्चमध्ये श्रेष्ठ वाटते, कारण बारोक ही युरोपीय अलंकृत शैली येथे स्थानिक गवंड्यांच्या हातांत इतकी मुरलेली आहे की शिंपल्याच्या आकाराची नक्षी भिंतीतूनच उगवल्यासारखी वाटते.

घेणाऱ्यांनी १०×२५ घेऊ नये. ८×४२ घ्यावी, आणि नायट्रोजन भरून बंद केलेलीच घ्यावी, कारण येथील हवा साध्या रबरी कडेला जुमानत नाही. ती जड असते आणि किंमत दुपटीहून जास्त असते, म्हणून मी नाताळपर्यंत थांबणार आहे. तोवर जुनी दुर्बीण तांदळाच्या डब्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली आहे आणि रविवारी उजव्या नळीतून, एका डोळ्याने, तळावलीचा पाचवा मजला पाहतो.